आग्रा रोडने आलेल्या माणसांचे दाखले

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना भेटतात. आता डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे, पण मालेगाव-धुळ्याकडे निघालेला माणूस अजूनही पुलाखालीच गाडीची वाट पाहत उभा असतो. एका अंगाला काठे गल्ली, दुसऱ्या अंगाला वडाळा नाका, थोडे आत गेले की सारडा सर्कल आणि जुन्या नाशकातले मोहल्ले. या चौकात मी उर्दू ऐकली, अहिराणी ऐकली, कोकणी ऐकली, आझमगढकडची पूर्वी बोली ऐकली. नाशिकच्या मुसलमानांचा इतिहास लिहायचा तर तो दर्ग्यापासून सुरू करायची पद्धत आहे. मला तो या रस्त्यापासून सुरू करावासा वाटतो, कारण आपल्यातले पुष्कळजण याच रस्त्याने आले.

निमित्त झाले एका परिसंवादाचे. विषय नेहमीचाच, मुस्लिम समाजाचे शैक्षणिक मागासलेपण. एका वक्त्याने मदरशांना दोष दिला. दुसऱ्याने उत्तर म्हणून ‘इक्रा’ या पहिल्या वहीची आठवण करून दिली आणि समाज दीनपासून दूर गेल्यामुळेच शिक्षणात मागे पडला असे सांगितले. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. परत येताना माझ्या ध्यानात आले की दोघांचे म्हणणे मुळात एकच होते. शिकणे किंवा न शिकणे धर्मावर अवलंबून आहे, असे दोघेही धरून चालले होते. एकाला धर्म जास्त वाटत होता, दुसऱ्याला कमी, एवढाच फरक. आमच्या जिल्ह्याचा इतिहास मात्र या दोघांनाही साथ देत नाही.

मालेगावचे उदाहरण घेऊ. मोसम आणि गिरणेच्या काठी नारोशंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात किल्ला बांधला. १८१८ साली इंग्रजांनी तो वेढा घालून घेतला. तोपर्यंत हे गाव लष्करी ठाणे होते. विणकरांचे गाव ते झाले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेत जी धरपकड आणि उद्ध्वस्ती झाली तिच्यातून आणि पुढे १८६२ च्या दुष्काळातून बनारसच्या आसपासचे मोमीन विणकर कुटुंबांसह दक्षिणेकडे निघाले. मँचेस्टरच्या कापडाने त्यांचा धंदा आधीच खिळखिळा केला होता. काहीजण मालेगावी थांबले, काही पुढे भिवंडीपर्यंत गेले. हैदराबादकडूनही लोक येतच होते, आणि १९४८ नंतर तिकडून आणखी आले. मालेगावच्या घराघरांत आजही आजा-पणजाचे गाव विचारले की मऊ, मुबारकपूर, इलाहाबाद, बनारस अशी नावे येतात.

ही माणसे काय घेऊन आली? हातात विणकामाचे कसब होते. पुस्तकी शिक्षण जवळजवळ नव्हते, आणि नव्या मुलखातल्या कचेरीची मराठी तर अजिबात नव्हती. उत्तरेत त्यांना ‘जुलाहा’ म्हणून हिणवले जाई. खानदानी शरीफांच्या लेखी विणकराच्या पोराने किताब हातात धरणे हाच विनोद होता. इस्लाममध्ये जात नाही असे आपण सांगत आलो, पण जुलाह्यांवरच्या म्हणी मुसलमानांनीच रचल्या हेही विसरू नये. अशा माणसाने परमुलखात आल्यावर पहिले काम काय केले, तर मोहल्ल्यात मशीद बांधली आणि मशिदीच्या ओसरीत मकतब सुरू केले. या कृतीत धार्मिकता होतीच. त्याबरोबर दुसरेही काही होते. जिथे कोणी ओळखत नाही तिथे मशीद हा आपला पत्ता असतो. मकतबात कुराणशरीफ वाचायला शिकलेला मुलगा बापाला उत्तरेत कधी न मिळालेली इज्जत इथे मिळवून देत होता. ‘मोमीन’ आणि पुढे ‘अन्सारी’ ही नावे विणकरांनी आग्रहाने लावली, त्यामागेही हीच भूक होती.

म्हणजे शिकण्याची ओढ धर्माच्या वाटेने आली. पण ती किती पुढे जाईल हे मागाने ठरवले. हातमाग हा घरचा धंदा. बाप मागावर, आई चरख्यावर कांडी भरते, सहा-सात वर्षांचे पोर कांड्या उचलून देते. पोर शाळेत गेले की घरातला एक हात कमी होतो. १९३० च्या दशकानंतर यंत्रमाग आले आणि घराऐवजी कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी सुरू झाली. शुक्रवारी सुटी, आठवड्याच्या मजुरीचा हिशेब, संध्याकाळी सिनेमा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आठवड्याला रोख पैसा दिसू लागला. दहावी पास होऊन त्याला काय मिळणार होते? सरकारी नोकरीत त्याच्या मोहल्ल्यातला एकही माणूस त्याने पाहिलेला नव्हता. त्याने शाळा सोडली, तर त्यात मौलवीसाहेबांचा दोष शोधणे अन्यायाचे आहे. तो हिशेबी होता, एवढेच.

आणि याच ठिकाणी एक उलटी गोष्ट घडली, जिच्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेले नाही. मुलगे कारखान्यात गेले, मुली शाळेत राहिल्या. मालेगावच्या उर्दू हायस्कुलांत वरच्या इयत्तांत मुलांपेक्षा मुली अधिक टिकतात, हे तिथले शिक्षक अनेक वर्षे सांगत आले आहेत. मुलगी पाळीवर जाऊ शकत नव्हती, म्हणून ती वर्गात बसली. याला पुरोगामित्व म्हणायचे की पडद्याचा अनपेक्षित नफा, ते वाचकांनी ठरवावे. पण मुलींना शाळेत पाठवायला बापांची मने तयार करण्याचे काम ज्या संस्थांनी केले त्यांत धार्मिक संस्था होत्या हे नाकारता येणार नाही. मुलींसाठी ‘जामियातुस सालिहात’ ही निवासी धार्मिक संस्था मालेगावात स्वातंत्र्यानंतर उभी राहिली, आणि देशाच्या इतर भागांतूनही मुली तिथे शिकायला येऊ लागल्या. मुलगी घराबाहेर, परगावी राहून शिकते ही कल्पना आधी मदरशाने रुळवली. बी.एड., डी.एड.चे वसतिगृह त्यानंतर आले.

मालेगावच्या मदरशांविषयी आणखी एक. मौलाना अब्दुल हमीद नोमानी यांनी ‘माहद-ए-मिल्लत’ स्थापले. अहले हदीस पंथाचे मौलाना मुख्तार अहमद नदवी यांनी मनसुऱ्याचे ‘जामिया मुहम्मदिया’ उभे केले. नदवीसाहेब मूळचे मऊचे, म्हणजे ज्या गावातून विणकर निघाले त्याच गावचे. त्यांच्या मनसुऱ्यात मदरशाच्याच परिसरात पुढे युनानी वैद्यकीय महाविद्यालय आले, इंजिनिअरिंग कॉलेज आले. बरेलवी, देवबंदी, अहले हदीस यांची मशिदींवरून, जलशांवरून होणारी भांडणे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत आणि त्यांना कंटाळलोही आहोत. पण त्या चढाओढीतून प्रत्येक मसलकाने आपापली इमारत उभी केली, त्यांच्या जोडीला साध्या शिक्षणसंस्थांच्या शाळा निघाल्या, आणि गाव शाळांनी भरले. भांडणाचा असा उपयोग होत असेल तर थोडे भांडण चालायला हरकत नाही, असे एक निवृत्त हेडमास्तर मला म्हणाले होते. ते स्वतः कुठल्या मसलकाचे हे मी विचारले नाही.

आता त्याच जिल्ह्यातली, त्याच धर्मातली दुसरी माणसे पाहू. जुन्या नाशकात कोकणीपुरा आहे. तिथले कोकणी मुसलमान व्यापाराच्या निमित्ताने घाट चढून आले. तेही स्थलांतरितच. पण ते आले तेव्हा त्यांच्याकडे थोडे भांडवल होते आणि घरात बोलली जाणारी कोकणी मराठीच्या मांडीला मांडी लावून बसणारी होती. तलाठ्याचा कागद त्यांना वाचता येत होता. तिकडे मुंबईत कोकणी व्यापाऱ्यांनी इंग्रजी शिक्षणाची गरज लवकर ओळखली होती. १८७४ साली ‘अंजुमन-ए-इस्लाम’ स्थापन झाली तेव्हा बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन यांच्याबरोबर कोकणी पुढारी नाखुदा मुहम्मद अली रोगे होते. तय्यबजी सुलेमानी बोहरा, रोगे सुन्नी शाफई. १८८२ च्या हंटर आयोगापुढे तय्यबजींनी मुंबई इलाख्यातील मुसलमानांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. बोहरे, खोजे, मेमन, कोकणी हे सगळे कलमा पढणारे, आणि मोमीनही. धर्मच कारण असता तर पाचांचे निकाल सारखे लागायला हवे होते. ते तसे लागले नाहीत. ज्यांच्याकडे बंदर होते, पेढी होती, ते आधी शिकले. ज्यांच्याकडे माग होता ते उशिरा शिकले.

भिवंडीत या दोन्ही धाग्यांची गाठ पडली. तिथे ‘कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटी’ने रईस हायस्कूल चालवले. नाव कोकणी मुसलमानांचे, पण वर्गात मोठ्या संख्येने बसली ती उत्तरेकडून आलेल्या मोमीनांची पोरे. त्याच सोसायटीच्या महिला महाविद्यालयाला ‘जी. एम. मोमीन’ हे नाव आहे. आधी आलेल्यांनी नंतर आलेल्यांसाठी दार उघडले, आणि नंतर आलेल्यांनी पुढे त्या दाराला आपलेही नाव दिले. आपल्या इतिहासात अशा गोष्टी थोड्या आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

जगात इतरत्र काय झाले? अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्स शहरात १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित येऊन राहिले. बहुतेक कॅथलिक, गरीब, फारसे न शिकलेले. मिन झाऊ आणि कार्ल बँकस्टन या समाजशास्त्रज्ञांनी त्यांच्या मुलांचा अभ्यास केला आणि १९९८ साली पुस्तक लिहिले. चर्चशी जोडलेली मुले शाळेतही चांगली चालतात असे त्यांना आढळले. पण कारण श्रद्धेत शोधण्याऐवजी त्यांनी ते चर्चभोवतीच्या वस्तीत शोधले. त्या वस्तीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाची नजर प्रत्येक मुलावर होती. कुणाचा मुलगा शाळा चुकवतो हे रविवारपर्यंत सगळ्यांना कळत असे. आपल्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना हे वाचून दाखवले तर ते हसतील, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात सिल्हटहून आलेले बांगलादेशी मुसलमान राहतात. १९९० च्या दशकात त्यांची मुले इंग्लंडच्या शाळांत सर्वांत मागे असणाऱ्यांत गणली जात. तेव्हाही कारण म्हणून मशीद आणि घरातली बंगाली यांचीच नावे घेतली गेली. पुढे त्या भागातल्या शाळांवर पैसा खर्च झाला, चांगले शिक्षक आले, मुलांची हजेरी वाढवण्यासाठी शाळांनी मशिदीचीच मदत घेतली. २०१० नंतरच्या काही वर्षांत बांगलादेशी मुले शालान्त परीक्षेत गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे गेली. वीस वर्षांत त्यांचा धर्म बदलला नव्हता. शाळा बदलली होती.

आपल्याकडचे आकडेही थोडे नीट वाचले पाहिजेत. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला तेव्हा त्यातले एक वाक्य सर्वांनी उचलले, की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फक्त ३ टक्के मुले मदरशात जातात. मदरशांना दोष देणाऱ्यांचे त्यामुळे तोंड बंद झाले, ते बरेच झाले. पण त्याहून महत्त्वाचा आकडा महाराष्ट्राचा होता. २००१ च्या जनगणनेत देशात मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के, एकूण लोकसंख्येच्या ६४.८ टक्क्यांपेक्षा कमी. महाराष्ट्रात मात्र मुसलमानांची ७८.१ टक्के आणि राज्याची ७६.९. म्हणजे इथला मुसलमान राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित अधिक साक्षर. कारण साधे आहे. महाराष्ट्रातले सुमारे ७० टक्के मुसलमान शहरांत राहतात, आणि शहरात शाळा जवळ असते. हे शहरात राहणे पुष्कळांच्या बाबतीत स्थलांतराचेच फळ आहे. आग्रा रोडने निघालेल्या विणकराने पोरांना नकळत अक्षरओळख मिळवून दिली. गळती लागते ती पुढे, आठवीनंतर, दहावीनंतर, कॉलेजच्या दारात. तिथे अक्षर पुरत नाही. पैसा लागतो, माहितीतला माणूस लागतो, आणि कागद लागतो.

या कागदाविषयी मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण परिसंवादांत त्याचा उल्लेख होत नाही.

मंडलनंतर महाराष्ट्रात ओबीसींच्या यादीत अनेक मुस्लिम जातींचा समावेश झाला. जुलाहा, मोमीन, अन्सारीही त्यांत आले. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे गावोगाव सभा घेतल्या. यादीत नाव आले, पण ओबीसीचा दाखला काढायचा तर आपले कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहते आणि त्याची जात यादीतलीच आहे, हे सिद्ध करावे लागते. सर्वांत भक्कम पुरावा कोणता, तर वडील, आजोबा, चुलते, आत्या यांपैकी कोणाचा तरी शाळेच्या रजिस्टरातला उतारा. आता गंमत पाहा. ज्याचा आजा शाळेतच गेला नाही त्याला मागासलेपणाची सवलत मिळणे सर्वांत अवघड. आजा मकतबात शिकला असेल तर त्या मकतबाला रजिस्टर नव्हते. आणि आजा नगरपालिकेच्या शाळेत गेला असेल तर मास्तरांनी धर्म विचारला, बापाने ‘मुसलमान’ सांगितले, आणि जातीच्या रकान्यातही तेच लिहिले गेले. कुणाच्या मनात कपट नव्हते. मास्तरांना वाटले मुसलमानात जात नसते, बापाला वाटले ‘जुलाहा’ सांगून आपल्याच हाताने आपली अब्रू का घालवायची. ज्या इज्जतीसाठी पणजाने आग्रा रोड तुडवला तीच इज्जत नातवंडांच्या फाइलमध्ये त्रुटी म्हणून निघते.

धर्माचा शिक्षणाशी संबंध कुठे येतो असे मला कोणी विचारले तर मी हा रकाना दाखवतो.

दुसरा कागद अलीकडचा. ३० मे २०२३ रोजी बिहारहून पुण्याकडे येणाऱ्या दानापूर-पुणे गाडीतून ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाड स्टेशनांवर उतरवण्यात आले. मुले अररिया जिल्ह्यातली, सांगलीकडच्या मदरशात शिकायला निघालेली. बरोबरच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला. त्यांना सुमारे चार आठवडे कोठडीत काढावे लागले. मुले जवळजवळ बारा दिवस नाशिक आणि जळगावच्या बालगृहांत होती, आईबाप तिकडे बिहारात कागद गोळा करत होते. मार्च २०२४ मध्ये गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला असे सांगून प्रकरण बंद करण्यात आले. बातमी आली तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी होती, बंद झाली तेव्हा लहान. मनमाड आमच्याच जिल्ह्यात, म्हणून ती मला विसरता येत नाही. त्याच वेळी एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. अररियातला बाप कोवळ्या वयाच्या मुलाला दीड हजार किलोमीटरहूनही दूर का पाठवतो? दीनचे शिक्षण हे एक उत्तर. पण घराजवळ भरवशाची शाळा नाही आणि मदरशात दोन वेळचे जेवण व डोक्यावर छप्पर मिळते, हे दुसरे उत्तर. गरिबाच्या मुलाची निवासी शाळा म्हणून मदरसा उभा आहे. तिथून पुढे गणित आणि मराठी कोण शिकवणार, याचे उत्तर मदरशांकडेही नाही आणि सरकारकडेही नाही. मनमाडला गाडी थांबवणाऱ्यांकडे तर नव्हतेच.

मराठीचा प्रश्न आपल्या वाचकांना मी वेगळा सांगायला नको. मालेगावच्या मुलाचे सगळे शिक्षण उर्दूत होते, दहावीपर्यंत ते छान चालते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आल्यावर तहसील कचेरीतला अर्ज त्याला परका वाटतो. माझे स्वतःचे शिक्षण मराठी शाळेत झाले, अरबी हर्फ संध्याकाळी मशिदीत शिकलो. मला दोन्हीकडून टोमणे मिळाले आणि दोन्हीकडून फायदाही झाला. उर्दू सोडा असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. उर्दू ही या स्थलांतरितांची पुंजी आहे, मालेगावच्या मुशायऱ्यांनी आणि वाचनालयांनी ती वाढवली. पण वडाळा नाक्यावर गॅरेजात हवा भरणारा गोंड्याचा किंवा बस्तीचा मुलगा माझ्याशी सहा महिन्यांत मराठी बोलू लागतो, आणि उर्दू हायस्कूलचा पदवीधर सोळा वर्षांनी बोलायला लाजतो. याचा दोष भाषेकडे जात नाही. शाळेने मराठीचा तास कसा घेतला याकडे जातो.

आमच्या शेजारी मालेगावहून आलेले एक कुटुंब राहते. मुलीला फार्मसीला प्रवेश घ्यायचा होता, ओबीसीचा दाखला हवा होता. तिचे आजोबा मी पाहिले होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. आयुष्यभर मागावर उभे, सही येत नव्हती, कुराणशरीफ मात्र रोज वाचायचे. त्यांच्या नावाचा कसलाच उतारा निघेना. विणकर सोसायटीची एक जुनी पावती होती, ती कचेरीत चालली नाही. वडिलांच्या दाखल्यावर ‘मुसलमान’. तीन महिने ती मुलगी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन द्वारकेच्या पुलाखालून मालेगावची गाडी पकडत होती.

शेवटी उतारा मिळाला तो आत्याचा. चाचांची थोरली मुलगी १९६४ साली मोहल्ल्यातल्या मुलींच्या शाळेत दोन वर्षे गेली होती. मशिदीच्या इमामसाहेबांच्या बीबींनी हट्टाने तिचे नाव घातले होते, असे घरात सांगतात. पुढे कांडी भरायला हात कमी पडले म्हणून तिला काढून घेतले. रजिस्टरात जातीच्या रकान्यात उर्दू अक्षरांत ‘मोमीन’ लिहिलेले होते. आत्याबाई आता थकल्या आहेत, त्यांना ती शाळा नीट आठवतही नाही. भाचीने उताऱ्याची झेरॉक्स दाखवली तेव्हा त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ धरला, आपले नाव हळूहळू वाचले, आणि विचारले, ‘ये कायकू लगता तेरेकू?’